खारकर आळीजवळची जुनी माडी: वय कसं काढायचं आणि दुरुस्ती कुठून धरायची?

मासुंदाकाठ

नमस्कार मंडळी. ठाण्यात खारकर आळीच्या परिसरातल्या एका जुन्या घराबद्दल विचारायचं आहे. घेतलेली मापं आधी देते, म्हणजे कुणाला अंदाजानं बोलावं लागणार नाही.

दर्शनी रुंदी १९ फूट, खोली ६२ फूट. तळमजला, वर माडी, तिच्यावर माळा. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. पुढे ओटा, मग ओटी, माजघर, त्यामागे ८ बाय ९ फुटांचा उघडा चौक, चौकापलीकडे स्वयंपाकघर नि न्हाणी, शेवटी परसू आणि विहीर. जोतं काळ्या दगडाचं. चौकापर्यंतचा पुढचा भाग सागवानी खांबांवर उभा आहे: खाली तळखडे (खांबाखालचे दगड), वर तुळया आणि कडीपाट (लाकडी कड्यांवर बसवलेल्या फळ्या). चौकामागचा भाग मात्र निराळा. तिथं खांब नाहीतच. जाड विटांच्या भिंती, त्यांच्यावर लोखंडी तुळया आणि तुळयांच्या मधे विटांच्या उथळ कमानी. एका तुळईवर 'डॉर्मन लाँग, मिडल्सबरो, इंग्लंड' अशी उठावाची अक्षरं आहेत. छपराला मंगलोरी कौलं, त्यातल्या बऱ्याच कौलांवर 'बासेल मिशन' आणि '१८६५'. मुख्य दाराच्या गणेशपट्टीवर 'शके १८०८'. घरातली माणसं याला 'पेशवाईतला वाडा' म्हणतात, कौलं पाहिलेले लोक १८६५ सांगतात.

आता दुखणी. माजघराच्या सामाईक भिंतीला साडेतीन फुटांपर्यंत ओल आहे. सिमेंटचा गिलावा दोनदा नव्यानं केला, दर दोन पावसाळ्यांनी फुगून गळतो. चौकाच्या कडेच्या एका खांबाचा पाय मऊ लागतो. ओटीवरचा कडीपाट मधोमध खाली आला आहे. दोरी लावून मोजला तर १२ फुटांच्या गाळ्यात दीड इंच. शिवाय इमारत ३० वर्षांपेक्षा जुनी म्हणून स्ट्रक्चरल ऑडिटचं पत्र आलं आहे.

घर पाडायचं नाही, हे नक्की. मग वय कशावरून धरायचं आणि काम कोणत्या क्रमानं करायचं?

तासणी

पेशवाईचा मुद्दा आधी बघू. मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणं घेतलं १७३७ मध्ये. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी किल्ला जिंकला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानंतरही साष्टी, म्हणजे ठाणं ज्या बेटावर आहे ते, त्यांच्याकडेच राहिलं. पुण्यात 'पेशवाई वाडा' म्हणायला जवळपास शंभर वर्षांचा पल्ला मिळतो. ठाण्याला जेमतेम ३७ वर्षं मिळाली. त्या काळातलं काम ठाण्यात आहेच, कोपिनेश्वराच्या देवळाचा १७६० चा जीर्णोद्धार त्यातलाच. पण तुम्ही वर्णन केलेल्या घरात त्या काळावर बोट ठेवावं असं मला तरी काही दिसत नाही. फार तर जोत्याचे दगड आधीच्या एखाद्या घराचे असतील. जोतं तेच ठेवून वरचं घर नव्यानं उभं करणं ही तेव्हाची सरसकट पद्धत होती.

आता '१८६५'. हे कौल भाजल्याचं साल नाही. बासेल मिशननं मंगळुरात जेप्पूला कौलांचा कारखाना काढला ते साल १८६५, आणि पुढे कित्येक दशकं तेच साल साच्यात राहिलं. १९०५ चं कौलही '१८६५' दाखवतं. पहिल्या महायुद्धात ही मिशनची मालमत्ता शत्रूपक्षाची म्हणून सरकारनं ताब्यात घेतली आणि नंतर ते कारखाने 'कॉमनवेल्थ'च्या नावानं चालले. तेव्हा कौलं उतरवाल त्या दिवशी 'कॉमनवेल्थ'चा शिक्का किती कौलांवर आहे तेही मोजा. तसंही घरात सगळ्यांत जास्त वेळा बदललं जातं ते कौल, म्हणून घराचं वय काढताना त्याची साक्ष सगळ्यांत शेवटी.

त्यापेक्षा वाशांना विचारा. मंगलोरी कौलाला रिपा (कौलं टेकवायच्या आडव्या पट्ट्या) साधारण साडेबारा इंचांवर लागतात. वाशांच्या पाठीवर या रिपांच्या मधे, एकमेकांच्या जवळ, जुन्या खिळ्यांची भोकं सापडली, तर आधी त्याच वाशांवर नळीची (अर्धगोल देशी) कौलं होती आणि छप्पर कौलांपेक्षा जुनं आहे. खिळे उपटून बघा. चौकोनी, टोकाकडे निमुळता, हातानं घडवलेला खिळा जुना. गोल तारेचा खिळा नंतरचा. लाकडावरच्या खुणाही वाचता येतात. तासणीचे (लाकूड तासायच्या हत्याराचे) आखूड, उथळ खवले म्हणजे हातकाम. एका मापाच्या अर्धगोल रेषा म्हणजे यंत्राची गोल करवत. माळ्यावर रंग लागलेला नसतो, तेव्हा या खुणा तिथंच शोधा, ओटीवर नाही.

शके १८०८ मध्ये ७८ मिळवले की १८८६ येतं. मात्र पौष ते फाल्गुन यांतली तिथी असेल तर बहुतेक १८८७ धरावं लागतं, कारण शक चैत्रात बदलतो. पट्टीवर महिना कोरला आहे का, ते ओल्या फडक्यानं हलकं पुसून बघा. घासू नका. आणि ही चौकट मूळ जागेवरच आहे ना? चौकटीच्या वरच्या पट्टीची दोन्ही टोकं भिंतीत गेलेली असतील आणि भोवतीचा चुना भिंतीच्याच जातीचा असेल, तर भिंत नि चौकट एकाच वेळची. भोवती वेगळा भराव दिसला, तर चौकट दुसरीकडून आणून बसवलेली असू शकते.

मागचा भाग नंतरचा, यात शंका नाही. डॉर्मन लाँग ही कंपनीच १८७५ ची. जमशेदपूरला पोलाद निघायला लागलं १९१२ मध्ये, त्यामुळे एखाद्या तुळईवर 'टाटा' दिसलं तर तेवढा गाळा १९१२ नंतरचा, इतकं ठामपणे सांगता येईल. विटाही मोजा. पुढच्या भागात पातळ, वेड्यावाकड्या आणि मागच्या भागात ९ बाय साडेचार बाय ३ इंचाच्या ठाशीव निघाल्या, तर दोन काळ हातात आले. स्वयंपाकघरात रंगीत नक्षीची सिमेंटची लादी असेल तर तिची एक सैल फरशी उलटून बघा. मुंबईची 'भारत' कंपनी १९२२ ची, तिचा शिक्का पाठीवर सापडू शकतो.

घराला एकच वय नसतं. माझा अंदाज विचाराल तर पुढचा सांगाडा १८८६ च्या सुमाराचा, मागचा भाग त्यानंतर दहा ते तीस वर्षांनी वाढवलेला आणि छप्पर निदान एकदा पूर्ण उतरवून पुन्हा चढवलेलं.

चतुःसीमा

कागदाकडून बघू. पहिलं काम, नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका, आणि तिच्याबरोबर चौकशी नोंदवहीचा उतारा मागा. बहुतेक जण पत्रिका घेऊन परततात. पण भूमापन झालं तेव्हा मिळकत कोणाकडे होती, कशाच्या आधारे होती, हे चौकशी नोंदवहीत लिहिलेलं असतं आणि त्यात जुन्या खरेदीखताचा उल्लेख सापडू शकतो. पत्रिकेवरच्या तारखा मालकी बदलल्याच्या आहेत, बांधकामाच्या नाहीत. हे दोन लोक फार वेळा एक समजतात.

बांधकामाची चाहूल लागते ती घरपट्टीच्या आकारणी नोंदींतून. ठाण्याची नगरपालिका १८६३ ची. जुनी पुस्तकं सगळीच शाबूत असतील असं नाही, पण जितकी मिळतील त्यात करपात्र मूल्य एकाएकी कुठे उडी घेतं ते बघा. माडी चढली किंवा मागे खोल्या वाढल्या की तो आकडा बदलतो. मागच्या भागाचं साल तिथं मिळण्याची शक्यता मला चांगली वाटते.

खरेदीखत मोडीत असेल तर वाचून घ्या, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवून. त्यात घराचं माप फुटात न देता 'खण' किंवा 'हात' यांत असू शकतं. खण म्हणजे दोन खांबांमधला गाळा. आज पुढच्या भागात जितके खण आहेत तितकेच दस्तात असतील, तर सांगाडा त्या दस्ताच्या आधीचा समजायला हरकत नाही. दुसरं, 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह' असं वाक्य दिसलं की लोक पुरलेल्या धनाच्या गोष्टी रचतात. तो जमीनव्यवहाराचा ठरलेला मायना आहे, शेकडो दस्तांत तसाच्या तसा येतो.

चतुःसीमा मात्र अक्षर न अक्षर वाचा. पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस बोळ, असं लिहिलेलं असतं. तुमची भिंत सामाईक आहे की शेजाऱ्यानं तुमच्या भिंतीला टेकून घर बांधलं, याचा कागदी पुरावा तोच. ओल काढायला त्या भिंतीला हात लावणार आहात, म्हणून हे काम आधी.

खोदकामात कोरीव दगड किंवा ताम्रपट लागला तर काय, हेही सांगून ठेवतो. ठाण्यात ही शक्यता कमी लेखू नये. १७८७ मध्ये इथं पाया खणतानाच शिलाहार राजा अरिकेसरीचा शके ९३९ चा, म्हणजे १०१७ चा ताम्रपट निघाला होता. दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं १८७८ च्या निखात निधी कायद्यानं बंधनकारक आहे. दगड जागेवरून हलवण्याआधी फोटो आणि जोत्यापासूनचं अंतर टिपून ठेवा.

घाणीचा चुना

ओलीबद्दल. गिलावा दोनदा गळला तो कारागिराच्या हातामुळे नव्हे, सिमेंटमुळे. तुमची भिंत चुन्यात नाहीतर चक्क मातीत बांधलेली आहे. खात्री करायची तर सांध्यातला चमचाभर भुगा काढून त्यावर व्हिनेगर टाका: फसफसला तर चुना, नुसता विरघळून गढूळ झाला तर माती. बरेचदा बाहेरच्या दर्जा (विटांमधले सांधे) चुन्याच्या आणि पोट मातीचं असतं, तेव्हा दोन-तीन इंच आतलाही नमुना घ्या.

अशी भिंत जमिनीतलं पाणी वर ओढते आणि पृष्ठभागातून सोडून देते. चुन्याचा गिलावा हे होऊ देतो. सिमेंटनं तोंड बंद केलं की पाणी आणखी वर चढतं आणि सिमेंटच्या मागे क्षार साचून स्फटिक होतात. ते फुगतात आणि गिलाव्याबरोबर विटेची पापडीही ओढून काढतात. म्हणून दर वेळी वीट थोडी आणखी खाल्ली जाते. ओलीची रेघ साडेतीन फुटांवर आहे, ती सिमेंटमुळेच इतकी वर गेली असणार.

पण गिलाव्याआधी पाणी कुठून येतं ते शोधा. तीन संशयित: पुढचा रस्ता, चौक आणि न्हाणी. रस्ता थरावर थर चढून उंच झाला असेल तर जोतं आता जमिनीत गेलं आहे. ओटा रस्त्यापासून सध्या किती उंच आहे ते लिहा. चौकाचा पन्हळ कुठे उतरतो, चौकातलं पाणी मोरीत जातं की भिंतीच्या बुडाशी मुरतं, हे बादलीभर पाणी ओतून बघा. न्हाणीसाठी नळ रात्री पूर्ण बंद ठेवून पाण्याचं मीटर तरीही फिरतं का ते बघा.

मग हा क्रम. सिमेंटचा गिलावा ओलीच्या रेघेच्या वर आणखी एक फूट, म्हणजे साडेचार फुटांपर्यंत हातोडी-छिन्नीनं काढा. ब्रेकर मशीन नको, मातीतली भिंत हादरते. उघड्या भिंतीवर पांढरे क्षार येतील. ते कोरड्या ब्रशनं झाडून घराबाहेर टाका. पाण्यानं धुतले तर विरघळून पुन्हा आत जातात. भिंत निदान चार महिने उघडी ठेवा. दिसायला वाईट दिसेल, पण हा टप्पा गाळला की पुढचं सगळं फुकट. पोकळ झालेल्या विटा एका वेळी तीन-चारच बदला, त्याही चुन्यातच.

चुना: भाजलेली कळी (न विरवलेल्या चुन्याचे खडे) पाण्यात टाकायची, कळीवर पाणी ओतायचं नाही. पाणी उकळून उडतं. डोळ्यांवर गॉगल आणि हातात रबरी मोजे हवेतच. निवलेला चुना बारीक जाळीतून गाळून पाण्याखाली निदान पंधरा दिवस, जमलं तर महिनाभर ठेवा. न विरलेले खडे राहिले तर भिंतीवर गेल्यावर विरतात आणि गिलाव्याला फोड येतात. मिश्रण एक भाग चुना, एक भाग सुर्खी, एक भाग वाळू. सुर्खी चांगल्या भाजलेल्या जुन्या मातीच्या विटांची. आजकाल राखेच्या विटांचा भुगा 'सुर्खी' म्हणून विकला जातो, तो नको. वाळू खाडीची अजिबात नको, तिचं मीठ भिंतीत जाईल. धुतलेली नदीची वाळू किंवा धुतलेला क्रश सँड चालेल.

एका थराची जाडी १० ते १२ मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. भिंत आदल्या दिवशी आणि लावण्याआधी तासभर भिजवा. पहिल्या थरात तागाचे अर्धा-एक इंच तुकडे घाला, तडे कमी जातात. दोन थरांत सात ते दहा दिवसांचं अंतर, आणि तेवढे दिवस ओलं पोतं टांगून ठेवा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, पण त्याला थोडा ओलावाही लागतो. भरभर वाळला तर हातानं खरवडला जाईल असाच राहतो. वरून चुन्याची सफेदी, पातळ तीन-चार हात. प्लास्टिक पेंट मारलात तर पुन्हा सिमेंटचीच गत.

गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायची जुनी रीत आहे आणि ती चांगली आहे. फक्त गूळ प्रमाणाबाहेर गेला की चुना धरायला फार उशीर लावतो, म्हणून आधी दोन फूट बाय दोन फूट तुकड्यावर करून बघा.

कुसू

लाकडाचं सांगतो. ताई, घरात जुन्या जमिनीवर नव्या लाद्या बसवल्या आहेत का? खांबाचा पाय कुजण्याचं कारण दहापैकी आठ घरांत तेच निघतं. तळखडा हा दगड जमिनीच्या चार-सहा इंच वर राहावा म्हणूनच असतो, खांबाचं बूड ओलीपासून सुटं राहावं म्हणून. वर दोन वेळा लाद्या चढल्या की तळखडा बुडतो आणि खांबाचं बूड सिमेंटच्या मालात रुततं. चौकाच्या कडेला तर पावसाचं पाणीही तिथंच थांबतं. खांबाभोवतीची लादी फोडून तळखड्याचा माथा कुठे लागतो ते बघा.

मग टोचा घ्या, आणि बुडापासून दर दोन इंचांवर चारही बाजूंनी दाबा. किती इंच आत जातो ते लिहून काढा. हातोडीच्या दांड्यानं ठोकून आवाजही ऐका. बद्द आवाज म्हणजे आत पोकळी, बहुधा वाळवीची.

कडीपाटाच्या दीड इंच झुकावानं घाबरू नका. बारा फुटांच्या गाळ्यात शंभर-सव्वाशे वर्षांत लाकूड एवढं बसतं आणि मग तिथं थांबतं. ते जॅकनं सरळ करायला गेलात तर कड्या फुटतील. प्रश्न झुकाव वाढतो आहे का, एवढाच. भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारून, दोरी लावून दर महिन्याला मोजा. मिलिमीटरात मोजा, इंचात फरक कळणार नाही.

वाढत असेल तर वरचं ओझं बघा. माडीवर मूळ पाटांवर मातीचा थर असतो. त्यावर कुणी सिमेंटचा माल आणि लादी मिळून दोन इंच घातले असतील, तर चौरस मीटरला सुमारे ११० किलो वाढले. १० बाय १२ च्या खोलीत ते बाराशे किलोंच्या वर जातं. घराचा मूळ हिशेब हे धरून केलेला नव्हता. ती लादी काढणं हीच दुरुस्ती. माळ्यावर पाण्याची टाकी असेल तर ती आजच खाली घ्या. ५०० लिटर म्हणजे अर्धा टन, तोही चार पायांवर.

कड्यांची भिंतीत गेलेली टोकं तपासायला विसरू नका, विशेषतः त्या ओल्या भिंतीतली. मधली कडी ठणठणीत आणि टोकाची सहा इंच भुसभुशीत, हे नेहमीचं. तसं असेल तर पूर्ण कडी बदलायची गरज नाही. भिंतीलगत लोखंडी अँगलवर सागवानी पट्टी बसवून कडीला निरोगी भागाखाली आधार द्या आणि कुजलेलं टोक कापून तिथं हवा खेळू द्या.

आणि कृपा करून खांबाभोवती काँक्रीटचं जाकीट घालू नका. ठेकेदार आधी तेच सुचवेल. आतलं लाकूड ओल धरून चार-पाच वर्षांत संपतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

चतुःसीमा

ऑडिटबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. ३० वर्षांवरच्या इमारतींची तपासणी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ खाली येते, पत्राकडे दुर्लक्ष करू नका. अहवालात वर्ग लिहिला जातो: सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडण्याची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करण्याची, सी-२बी म्हणजे राहत असतानाच दुरुस्त करण्याची, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. घराचं पुढचं सगळं या एका अक्षर-आकड्यावर ठरतं.

गडबड होते ती इथं. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, गंजलेल्या सळ्यांची चाचणी, या सगळ्या आरसीसीच्या चाचण्या. लाकूड, चुना आणि माती यांच्या घराला त्या लागू पडत नाहीत, आणि ठरावीक नमुन्याच्या अहवालात रकाने रिकामे राहिले की शेरा कडक येतो. म्हणून महापालिकेच्या यादीतल्या अभियंत्यांपैकी ज्यांनी लाकडी सांगाड्याचं काम केलं आहे तेच नेमा. नेमण्याआधी त्यांना तीन गोष्टी मागा: प्रत्येक खांब नि तुळईला क्रमांक दिलेला १:५० चा नकाशा, प्रत्येक क्रमांकापुढे लाकडाची स्थिती, आणि भार कुठून कुठे उतरतो याचं रेखाटन. हे करायला जे कंटाळतात त्यांच्याकडून अहवाल घेऊ नका.

शेजाऱ्याचं घर पुनर्विकासाला जाणार असेल तर त्याआधीच लेखी कळवा. सामाईक भिंतीचा एका बाजूचा आधार गेला की तुमचे कडीपाट तिला बाहेर ढकलतात. पाडकामाआधी तिरके टेकू आणि तड्यांवर काचपट्ट्या (तडा वाढला की त्या फुटतात), हे दोन्ही घरांच्या खर्चानं ठरवून घ्यावं लागतं.

मासुंदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलेलं बघून आले, त्याची उत्तरं अशी.

ओटा रस्त्यापासून फक्त पाच इंच वर. जुन्या फोटोत ओट्याला तीन पायऱ्या दिसतात, आज एकही नाही. चौकाचा पन्हळ थेट चौकात पडतो आणि मोरीचं तोंड लादीपेक्षा उंच आहे, म्हणजे पाणी साचतंच. वाशांवर रिपांच्या मधे जुनी भोकं आहेत आणि सापडलेले दोन खिळे चौकोनी आहेत. खांबाभोवती लादी फोडली: तळखड्याचा माथा लादीच्या साडेतीन इंच खाली लागला. खांब ७ बाय ७ इंच. टोचा चौकाकडच्या बाजूनं दोन इंच आत जातो, इतर तीन बाजूंनी अर्धा ते पाऊण इंच. बुडापासून नऊ इंचांच्या वर मात्र चांगलं टणक आहे.

ओलीची भिंत आधी घ्यावी की खांब? पावसाळ्याला साडेचार महिने आहेत.

घाणीचा चुना

खांब. भिंत थांबू शकते, तिला थांबायचंच आहे. आत्ता फक्त सिमेंट काढून ठेवा, मोरीचं तोंड खाली घ्या आणि पन्हळाला नळ लावून पाणी बाहेर काढा. रस्ता खाली नेणं आपल्या हातात नाही, तेव्हा ओट्याच्या कडेनं नऊ इंच रुंद, दीड फूट खोल चर काढून खडी भरा आणि तिला गटाराकडे उतार द्या. गटार पावसात तुंबत असेल तर हा चर उलटा पाणी आत आणेल, ते आधी बघा. एक पावसाळा भिंत उघडी ठेवून ओलीची रेघ कुठे थांबते त्यावर दर पंधरवड्याला खूण करा. रेघ खाली आली तरच दिवाळीनंतर गिलावा.

तासणी

जुन्या फोटोतल्या पायऱ्या मोजून ठेवा. एक पायरी साधारण सात इंचांची धरली तर रस्ता किती चढला ते निघतं, आणि कुठल्या थराला जोत्याचा घडीव दगड संपून अनघड दगड सुरू होतो तेही चर खणताना दिसेल. घडीव दगड जिथं संपतो ती घर बांधलं तेव्हाची जमीन. चौकोनी खिळे आणि जुनी भोकं यांमुळे छप्पर नळीच्या कौलांच्या काळातलं, हे आता जवळजवळ पक्कं. ते दोन खिळे कागदात गुंडाळून जागेच्या क्रमांकासह ठेवा.

कुसू

तुमच्या आकड्यांवरून हिशेब केला. सात इंचांतून एका बाजूला दोन आणि समोर अर्धा-पाऊण गेला, आडव्या बाजूंनी मिळून एक ते दीड गेला. ४९ चौरस इंचांपैकी २३ ते २७ उरले, म्हणजे निम्मंच लाकूड भार घेतं आहे, आणि तेही एका कडेला. या आठवड्यातच टेकू द्या, दुरुस्ती नंतर झाली तरी चालेल.

टेकू दोन, फिरवून उंच करता येणारे लोखंडी जॅकचे, खांबाच्या दोन्ही बाजूंना तुळईखाली, फूट-दीड फूट अंतरावर. खाली दोन इंच जाडीची, चार फूट लांबीची फळी, म्हणजे भार लादीवर एका ठिकाणी बसणार नाही. वर तुळई आणि टेकू यांच्यामधे लाकडाचा तुकडा, लोखंड थेट लाकडावर नको. जॅक फिरवायचा तो खांब सुटण्यापुरताच, दोन ते तीन मिलिमीटर. छपरातून कौलांचा कडकड आवाज आला की थांबा.

कापताना कुजलेले नऊ इंच आणि त्यावर सहा इंच निरोगी, असा पंधरा इंचांपर्यंतचा भाग पूर्ण नव्या लाकडाचा करायचा. त्याच्यावर तिरकी जोड, खांबाच्या रुंदीच्या तिप्पट, म्हणजे २१ इंच. एकूण नवा तुकडा तीन फुटांचा. वखारीत जुनं, मोडकामातलं सागवान मागा, ८ बाय ८ चं घ्या, रंधून सातवर येईल. ताजं लाकूड घेतलं तर आकसून जोड उघडेल. धागा उभा आणि जुन्या खांबाच्याच दिशेनं. जोडीला १२ मिलिमीटरचे स्टेनलेस बोल्ट चार, एका ओळीत न घालता तिरपे, नाहीतर लाकूड धाग्यात फाटतं. साधे लोखंडी बोल्ट सागवानातही ओलीनं गंजतात.

बसवण्याआधी नव्या तुकड्याच्या बुडाला आणि जोडीच्या दोन्ही तोंडांना बोरिक ॲसिड नि बोरॅक्सचं पाणी पाजा, एकास दीड प्रमाण, पाण्यात पाच टक्के, दोन-तीन हात. हे पावसात धुऊन जातं, म्हणून चौकाकडच्या बाजूला वरून जवसाच्या तेलाचा हात हवाच. तळखड्याच्या माथ्यावर शिशाचा पातळ पत्रा ठेवून त्यावर खांब, आणि तळखड्याभोवतीची लादी कायमची कापून चारही बाजूंनी तीन-तीन इंच मोकळं ठेवा. तिथं पाणी थांबणार नाही असा उतार मोरीकडे. टेकू लगेच काढू नका. रोज अर्धा मिलिमीटर असं चार-पाच दिवसांत सोडा आणि प्रत्येक दिवशी वरच्या कडीपाटाची दोरी मोजून वहीत लिहा.